एकोणीस एकांची माळ

गोदावरी जालना जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके मागे टाकून ती परभणीच्या हद्दीत शिरते आणि तिथून जवळच, नदीच्या उत्तरेला, पाथरी लागते. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून काढून इकडे जोडले गेले. तोवर परतूर आणि पाथरी एकाच जिल्ह्यात होती. म्हणून पाथरीच्या एका घराण्याची गोष्ट जालनेकरांनी परकी मानायचे कारण नाही.

संस्कृत ग्रंथांत या गावाला पार्थपूर म्हटले आहे. तिथल्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिषाने १५०३ मध्ये, म्हणजे शके १४२५ मध्ये, ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. मुलगा वयात येत होता तेव्हा पाथरीवर दोन राज्यांचा डोळा होता. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातले, त्यामुळे बुऱ्हाण निजामशहाला ते गाव हवे होते आणि वऱ्हाडच्या इमादशहाला ते सोडायचे नव्हते. १५१८ च्या सुमारास निजामशाही फौजेने पाथरी घेतली, पुढे पुन्हा लढाया झाल्या. त्या धामधुमीत वाढलेल्या सूर्यदासाने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका पुरी केली आणि १५४१ मध्ये लीलावतीवर ‘गणितामृतकूपिका’ लिहिली. शिवाय त्याने एक विलक्षण काव्य रचले, ‘रामकृष्णविलोमकाव्य’. त्यातला श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा, उलट वाचला तर कृष्णाची. भाषेकडे आणि आकड्यांकडे एकाच नजरेने पाहणारा हा माणूस मला या साऱ्या इतिहासाच्या मध्यावर उभा दिसतो. त्याच्या मागेही अशी नजर असणारे होते आणि पुढेही झाले.

ज्या लीलावतीवर त्याने टीका लिहिली ती ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे. तो लेख १२०७ चा, देवगिरीच्या यादवांच्या काळातला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठासंबंधीचा. लीलावतीच्या आरंभीच अंकस्थानांची नावे येतात. जुन्या पिढीने ती ‘एकं दहं शतं’ म्हणत घोकलेली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावे. परार्धापाशी यादी थांबते. अठरा एक शेजारी शेजारी मांडले तर पहिला एक बरोबर परार्धाच्या घरात बसतो. एकोणिसावा एक ठेवला की लीलावतीच्या यादीत त्याला घर उरत नाही.

आणि नेमकी हीच एकोणीस एकांची संख्या, १ १११ १११ १११ १११ १११ १११, मूळ संख्या आहे. तिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही नि:शेष भाग जात नाही. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांमध्ये ११ ही मूळ आहे, हे शाळेतले पोरही सांगेल. त्यानंतरची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची. मधल्या साऱ्या माळा कुठे ना कुठे तुटतात.

माळ हा शब्द माझा नव्हे. तो महावीराचार्यांच्या ग्रंथातला आहे.

महावीर हा जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. इ.स. ८५० च्या आसपास त्याने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. पण राज्य उत्तरेला पार गोदावरीच्या पलीकडे पसरलेले होते. वेरूळचे कैलास लेणे त्याच घराण्यातल्या पहिल्या कृष्णाचे. आज ज्याला आपण जालना जिल्हा म्हणतो ती भूमीही त्यांच्याच अमलाखाली होती. अमोघवर्षाच्या स्तुतीने सुरू होणारा हा ग्रंथ रंगाचार्यांनी १९१२ मध्ये मद्रासला संपादून छापला, तेव्हा आधुनिक जगाला तो खऱ्या अर्थाने कळला.

त्यातल्या गुणाकाराच्या प्रकरणात महावीर काही खास गुणाकार देतो आणि त्यांच्या उत्तरांना गळ्यातल्या दागिन्यांची नावे देतो, कंठा, माळ. राजाच्या गळ्यात शोभेल असा आकड्यांचा कंठा. १३९ ला १०९ ने गुणा, १५१५१ येतात. १२३४५६७९ ला ९ ने गुणा, नऊ एक येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणा, आठ एक येतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणा, १००००००००१ येतात, दोन टोकांना मणी आणि मधे नुसता दोरा. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि तशीच उतरत येणारी संख्या, असे तो श्लोकातच तिचे वर्णन करतो.

पुष्कळ जण ही उदाहरणे गंमत म्हणून वाचतात आणि पुढे जातात. मला तसे करवत नाही. कारण गुणाकार सरळ बाजूने करणे सोपे, पण असे उदाहरण बनवायचे तर उलट बाजूने यावे लागते. आधी माळ डोळ्यापुढे धरायची, मग तिचे अवयव शोधायचे. आठ एकांना ७३ ने भाग जातो हे सहज सुचण्याजोगे नाही. शेवटच्या उदाहरणातले ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. सहा एकांच्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६५४३२१ येतो, हे ठाऊक असल्याशिवाय हा श्लोक लिहिलाच गेला नसता. अकराशे-पावणेबाराशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये एकांच्या माळा फोडून पाहणारा माणूस होता, याचा हा पक्का दाखला आहे. राजांच्या वंशावळी मुलांकडून पाठ करून घेणाऱ्या आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या माणसाला दोन ओळी मिळू नयेत, याचे मला वाईट वाटते.

महावीराची अंकस्थानांची यादीही भास्कराचार्यांपेक्षा लांब, चोवीस घरांची. तिच्यात एकोणिसावे घर शंख, तेविसावे क्षोभ आणि शेवटचे महाक्षोभ. म्हणजे एकोणीस एकांच्या माळेतला पहिला मणी शंखावर बसतो. गंमत अशी की त्यापुढची मूळ माळ तेवीस एकांची आहे. तीही महावीराच्या यादीत मावते, पहिला एक क्षोभावर.

सूर्यदासानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी ही वाट पुन्हा चालणारा माणूस गोदावरीच्याच वरच्या अंगाला, नाशिकजवळ देवळालीला राहत होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे वेड असलेले, आणि आकडेमोडीची गोडी त्यांच्याकडूनच लागलेली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली, मग देवळालीच्या शाळेत नोकरी धरली आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. पेन्शन पुरत नव्हते, म्हणून नंतर शिकवण्या केल्या.

जगाला कापरेकर माहीत आहेत ते ६१७४ मुळे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, तेच पुन्हा पुन्हा करत गेले की जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथे चक्र थांबते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. त्याच वर्षी त्यांनी ‘स्वयंभू’ संख्यांचा विचार सुरू केला. ५३ किंवा ९७ घ्या. अशी कोणतीही संख्या नाही की जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवल्यावर ५३ किंवा ९७ येईल. दोन्ही मूळ संख्याही आहेत. पाव शतकानंतर, १९७४ मध्ये, कोलंबियातल्या एका गणितज्ञाने याच संख्या स्वतंत्रपणे शोधल्या आणि जगात त्यांना ‘कोलंबियन संख्या’ हे नावही मिळाले. देवळालीचे नाव मागे पडू पाहत होते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले, तेव्हा कुठे विद्यापीठांतल्या गणितज्ञांनी त्यांची नीट दखल घेतली.

पण आपल्या माळेशी नाते आहे ते त्यांच्या आणखी जुन्या कामाचे. मुंबईकडे येणाऱ्या रेल्वेवर डोंबिवली स्टेशनात त्यांना एका जातीच्या संख्या सुचल्या आणि त्या स्टेशनावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ नाव दिले. २५५३ पाहा. पहिला २ आणि शेवटचा ३ मिळून ५, आणि मधे पाचच भरलेले. ४७७७३ तसाच, ४ आणि ३ मिळून ७. या संख्यांतल्या सर्वांत देखण्या त्या १२१, १२३२१, १२३४३२१ अशा, म्हणजे एकांच्या माळांचे वर्ग. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर कापरेकरांनी डेम्लो संख्यांवरचा निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला. सहा एकांचा वर्ग घेतला की आलेली डेम्लो संख्या ही महावीराची एकापासून सहापर्यंत चढून उतरणारी संख्याच. अकराशे वर्षांच्या अंतराने दोघे एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले.

दुसरे काम आवर्ती दशांशांचे. १९५० मध्ये त्यांनी ३ ते १६१ पर्यंतच्या छेदांची आवर्ती चक्रे मांडणारे पुस्तक स्वतः छापले. १ ला ७ ने भागले की ०.१४२८५७ १४२८५७ असे सहा आकडे फिरत राहतात, हे सगळ्यांना शाळेत कळते. (महावीराच्या १४२८५७१४३ मध्ये हेच आकडे दडलेले आहेत, हे लक्षात आले असेलच.) १ ला ७३ ने भागले तर चक्र आठ आकड्यांचे येते, ०१३६९८६३. या १३६९८६३ ला ९ ने भागा. उत्तर १५२२०७. महावीराने आठ एकांसाठी ७३ बरोबर वापरलेली संख्या तीच.

इथेच मूळ संख्या आणि एकांची माळ यांचा खरा संबंध कळतो. ३ सोडला, आणि ज्यांचे दशांश मुळी आवर्ती होतच नाहीत ते २ व ५ सोडले, तर बाकी कोणतीही मूळ संख्या घ्या. तिने १ ला भागल्यावर चक्र जितक्या आकड्यांचे येते, बरोबर तितक्या एकांच्या माळेला तिने भाग जातो, आणि त्या लांबीच्या पटीतल्या माळांनाही. ७३ चे चक्र आठाचे, म्हणून आठ एकांना, सोळा एकांना, चोवीस एकांना ७३ ने भाग जातो, नऊ एकांना कधीच जात नाही. त्यामुळे माळेची लांबी संयुक्त असेल तर ती माळ तुटणारच. सहा एकांत अकराही आहे आणि एकशे अकराही. उरल्या मूळ लांबीच्या माळा. पण त्याही बहुतेक फुटतात. तीन एक म्हणजे ३ × ३७. पाच एक म्हणजे ४१ × २७१. सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरा एकांचे अवयव २१६४९ आणि ५१३२३९. तेरा एकांचे तीन, ५३, ७९ आणि २६५३७१६५३. सतरा एकांचे दोन, २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. यातले शेवटचे दोन कागदावर शोधायचे म्हणजे काय कष्ट, ते ज्याने कधी मोठा भागाकार केला आहे त्यालाच कळेल.

आता एकोणीस. या माळेला एखादी मूळ संख्या भाग घालत असेल, तर तिचे चक्र एकोणीस आकड्यांचेच हवे. चक्राच्या लांबीने त्या मूळ संख्येतून एक वजा केलेल्या संख्येला भाग गेलाच पाहिजे, हा फर्माचा नियम. शिवाय ती विषम, म्हणजे अशी संख्या ३८ च्या पटीपेक्षा एकाने मोठी असणार. १९१, २२९, ४१९, ४५७ अशी ही उमेदवारांची रांग. ती वर्गमुळापर्यंत, म्हणजे साधारण १०५ कोटींपर्यंत न्यायची तर उमेदवार होतात पावणेतीन कोटींहून अधिक. मिनिटाला एक भागाकार धरला आणि रात्रंदिवस हात चालवला तरी बावन्न वर्षे. त्यातल्या संयुक्त संख्या आधीच गाळल्या, तरी तीस लाखांच्या आसपास भागाकार उरतात. एका माणसाच्या आयुष्यात हे बसत नाही. तरी पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत ऑस्कर होप याने ही माळ मूळ असल्याचे सिद्ध केले, संगणकाच्या पुष्कळ आधी.

भागाकारांची ती रांग टाळणारी वाट फ्रान्सच्या एद्वार ल्यूका यांनी एकोणिसाव्या शतकात घातली आणि अमेरिकेच्या डेरिक लेमर यांनी १९२७ मध्ये ती पक्की केली. संख्येला भाग घालत बसायचे नाही. तिच्यातून एक वजा करायचा आणि जी येते तिचे अवयव शोधायचे. ते सगळे सापडले, तर एखादी साक्षी संख्या घेऊन, तिचे मोठमोठे घात करून, बाकी तेवढी तपासायची. काही निवडक घातांच्या बाक्या जुळल्या की मूळ संख्येवर शिक्कामोर्तब. आणि एकोणीस एकांतून एक वजा केला तर काय उरते? अठरा एक आणि पुढे शून्य. अठरा एकांचे अवयव हवेत. अठरा एक म्हणजे नऊ एक गुणिले १००००००००१.

इथे मला थांबावेसे वाटते. नऊ एक म्हणजे महावीराचा १२३४५६७९ × ९ हा गुणाकार. १००००००००१ म्हणजे त्याचाच १४२८५७१४३ × ७ हा कंठा. अमोघवर्षाच्या काळातले ते दोन दागिने एकमेकांनी गुणले, शेवटी शून्य ठेवले आणि एक मिळवला, की एकोणीस एकांची मूळ संख्या तयार होते. आणि ती मूळ आहे हे सिद्ध करायला जे अवयव लागतात, ते या दोन गुणाकारांना आणखी फोडत गेले की हाती येतात. पहिल्यातून ३ दोनदा, ३७ आणि ३३३६६७. दुसऱ्यातून ७, ११, १३, १९ आणि ५२५७९. शेवटच्या शून्यातून २ आणि ५. अशा दहा वेगवेगळ्या मूळ संख्या, आणि त्यातल्या प्रत्येकीसाठी एक तपासणी. बावन्न वर्षांचे काम चिकाटीच्या माणसाला वहीत मावेल एवढे होते. महावीराला हा शेवट ठाऊक होता असे मी म्हणत नाही. पण या सिद्धतेचा पहिला अर्धा रस्ता त्याने ८५० च्या सुमारास घालून ठेवला होता, हे गणित स्वतः करून कोणालाही ताडून पाहता येईल.

तेवीस एकांची माळ मूळ आहे हे १९२९ मध्ये ठरले, त्यातही लेमर होतेच.

कापरेकरांच्या देखण्या डेम्लो संख्या मात्र कधीच मूळ असू शकत नाहीत, कारण त्या वर्ग आहेत. नऊ एकांपर्यंत त्या छान चढतात, १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग केला की हातचा येतो आणि डौल मोडतो, १२३४५६७९००९८७६५४३२१. आता हातचा न घेता, शिखरावर सरळ दहा लिहून टाका, १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही वीस अंकी संख्या मूळ आहे. वर्गाचा डौल जिथे मोडतो, अगदी तिथेच ही अखंड संख्या हाती लागते. महावीराचे सहापर्यंत चढणे दहापर्यंत नेले की असे होते, याचे मला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटते. यामागे कोणताही नियम नाही. पुढे अकरा, बारा असे चढवत गेले तर ही गोष्ट पुन्हा सहजासहजी घडत नाही.

तेविसानंतरची मूळ माळ ३१७ एकांची. १९७० च्या दशकात ह्यू विल्यम्स यांनी ती सिद्ध केली, आणि त्यासाठी संगणक लागला. १०३१ एकांच्या माळेवरचा विल्यम्स आणि हार्वे डबनर यांचा निबंध १९८६ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी ४ जुलैला देवळालीत कापरेकर वारले. त्यानंतर ४९,०८१ एकांच्या माळेचा पुरावा २०२२ मध्ये मिळाला आणि ८६,४५३ एकांच्या माळेचा २०२३ मध्ये. अशा मूळ माळा अनंत आहेत असे बहुतेक गणितज्ञ मानतात, पण सिद्ध कोणीही केलेले नाही.

परतूर, अंबड किंवा भोकरदनच्या एखाद्या शाळेत याचा एक तुकडा पाटीवर करून पाहण्यासारखा आहे. एकेचाळीस ही मूळ संख्या आहे, तेव्हा एकेचाळीस एकांची माळही मूळ असेल असे वाटते. तिला भाग घालायला जाऊ नये. १ ला ८३ ने भागत जावे आणि आकडे मोजावेत. सुरुवात ०१२०४८१९ अशी होते. एकेचाळीस आकडे झाले की पुन्हा ०१२ येते. म्हणजे ८३ ने त्या माळेला भाग जातो.